ऐकणारीचं मत

संगीताच्या इतिहासावरची पुस्तकं मी आवडीने वाचते. त्यांत गायक असतात, वादक असतात, घराणी असतात, रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या असतात. कोणत्या साली कोणतं गाणं निघालं, चाल कुणी बांधली, किती प्रती खपल्या, हे सगळं सापडतं. सापडत नाही ती गाणं ऐकणारी बाई. म्हणजे ती असते, नाहीतर प्रती खपल्या कशा? पण ती आकड्यात असते. तिला ते गाणं आवडलं का, कशासाठी आवडलं, कोणत्या जागी तिने हातातलं काम थांबवलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शास्त्रीय संगीताचं मी बोलत नाही. तिथे जाणकारांची परंपरा आहे, मैफिलीत पुढे बसून मान डोलावणारे आहेत, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात लिहिणारे आहेत. मला बोलायचंय ते पॉप आणि रॉक म्हणतात त्या गाण्यांविषयी, ज्यांना आपल्या घरांत ‘धांगडधिंगा’ हे एकच नाव कित्येक वर्षं पुरलं. या गाण्यांना दरबार नव्हता, गुरुकुल नव्हतं. ती ऐकणाऱ्यांच्या मतावर जगली नाहीतर मेली. मग हे मत कुणी दिलं, कसं दिलं, आणि कुणाचं मत मोजलंच गेलं नाही, एवढंच आज पाहू या.

आधी ‘अल्बम’ या शब्दाकडे वळते. आपल्या वयाच्या बायकांना अल्बम म्हटलं की लग्नाचे फोटो आठवतात. गंमत अशी की गाण्यांचा अल्बमही सुरुवातीला तसाच दिसायचा. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. मोठी रचना असेल तर चार-पाच तबकड्या लागत. त्या जाड पुठ्ठ्याच्या बाडात, एकेका पाकिटात घालून विकत. ते बाड म्हणजे अल्बम. 1948 साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या घेणारी मोठी तबकडी आणली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. बाड गेलं, नाव राहिलं. 1963 साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली, तेव्हा तेच नाव कॅसेटलाही चिकटलं.

हे सांगायचं कारण असं की एका गाण्याविषयीचं मत आणि अल्बमविषयीचं मत सारखं नसतं. एक गाणं आवडलं, नाही आवडलं, इतकं पुरतं. अल्बमला चाळीस मिनिटं द्यावी लागतात. मग कळतं की या माणसाला काय म्हणायचंय, कुठे तो खरा आहे आणि कुठे नुसती भरती केलीय. आता तुम्हीच सांगा, घरात चाळीस मिनिटं सलग बसून ऐकायला सवड कुणाला होती? ज्यांना होती त्यांनी मतं दिली, तीच छापली गेली. बायकांनी अल्बम ऐकले ते स्टोव्हच्या फरफरीतून, भाकरीच्या थापांमधून. एक गाणं पूर्ण, दुसरं अर्धं, तिसऱ्याच्या वेळी दूध उतू जायची भीती. तरी त्यांनी ऐकलंच, आणि मतंही बनवली.

आपल्या देशात तबकडीवर गाणं आलं तेच बाईच्या आवाजात. 1902 साली कलकत्त्याला गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत, म्हणजे पुढे तबकडी तयार करणाऱ्यांना गाणं कुणाचं ते कळावं. त्या काळी चांगल्या घरच्या मुलींनी बाहेर गायचं नव्हतं. गाणाऱ्या बायकांकडे समाज कसा पाहत होता, हे तुम्हाला सांगायला नको. मग अशा बाईचं गाणं घरातल्या बाईने ऐकायचं कसं? दिवाणखान्यात फोनो वाजायचा आणि ती आतल्या दारामागे ऐकायची. दारामागे उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारत नाही, “कसं वाटलं?”

पुढे रेडिओ आला. आपला बिदर जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणी सगळीकडे पसरली आणि 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. आकाशवाणीने त्या काळात शास्त्रीय संगीताला जो आधार दिला, त्याचं ऋण मोठं आहे. 1955 साली पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या गीतरामायणाने तर मराठी घरांवर गारूड केलं. पण आपल्या देशाचं पॉप म्हणजे तेव्हा सिनेमाचंच गाणं, आणि ते ऐकायचं की नाही हे मंत्र्यांनी ठरवावं, हे लोकांना पटलं नाही.

लोकांनी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. रेडिओचं बटण फिरवलं आणि काटा सिलोनवर नेला.

रेडिओ सिलोनवर 3 डिसेंबर 1952 पासून अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. त्याच स्टेशनवर आधी पाश्चात्त्य गाण्यांचा इंग्रजी ‘हिट परेड’ चालायचा, त्याच धर्तीवर हिंदी गाण्यांचा कार्यक्रम काढला. पत्रांचा पाऊस पडला. हळूहळू गाण्यांची क्रमवारी लागू लागली. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची मतं पाहून या आठवड्यात कोणतं गाणं कितव्या पायरीवर, ते ठरायचं. सामान्य ऐकणाऱ्याचं मत पहिल्यांदा मोजलं गेलं ते असं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. आमचा बिदर म्हैसूर राज्यात गेला, उदगीर आणि निलंगा मुंबई राज्यात गेले. लेकीबाळी दिलेली गावं दोन राज्यांत वाटली गेली. पण बुधवारी रात्री उदगीरची लेक आणि बिदरची आई एकच पायरी ऐकत होत्या. आकाशवाणीलाही शेवटी ऐकणाऱ्यांपुढे नमावं लागलं आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली.

आता त्या पत्रांतली आणि फर्माइशीतली नावं आठवा. दादांची नावं, भाऊंची नावं, श्रोता संघाच्या अध्यक्षांची नावं, मग “आणि त्यांचे सर्व मित्र”. बाईचं नाव आलंच तर शेवटी, पोराबाळांच्या यादीत. आमच्या घरातून जी कार्डं गेली, त्यांतली अर्धी तरी गाणी आईच्या पसंतीची होती. आई सांगायची, काका लिहायचे, खाली सही काकांची. सिलोनच्या मोजणीत ते काकांचं मत झालं. कुणी फसवलं असं नाही. पोस्टकार्डावर सही घरच्या पुरुषाची असायची, एवढाच तो रिवाज होता. पण शंभर घरांचा असा रिवाज एकत्र केला की इतिहासातून बाई गायब होते.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. पुढारलेल्या म्हणतात त्या देशांतही हीच कथा आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल गावची चार पोरं, बीटल्स. 1963-64 मध्ये त्यांच्या कार्यक्रमांना शाळकरी मुली इतक्या किंचाळायच्या की गाणं ऐकू येत नसे. 9 फेब्रुवारी 1964 रोजी ते अमेरिकेच्या टीव्हीवर आले तेव्हा सुमारे 7 कोटी 30 लाख लोकांनी त्यांना पाहिलं. त्याच महिन्यात पॉल जॉन्सन या लेखकाने ‘न्यू स्टेट्समन’ या लंडनच्या प्रतिष्ठित साप्ताहिकात या मुलींवर झोड उठवली. त्याच्या मते या मुली म्हणजे मंद, आळशी, आयुष्यात मागे पडलेल्या. सोळा वर्षांच्या मुलीला गाणं आवडलं, की त्याला मत म्हणायचं नाही, वेड म्हणायचं!

पण पुढे काय झालं पाहा. त्याच बीटल्सवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले, विद्वानांनी त्यांची तुलना मोठमोठ्या संगीतकारांशी केली. म्हणजे शाळकरी पोरींना जे आधी कळलं, ते प्राध्यापकांना नंतर कळलं. पोरींना त्याचं श्रेय मात्र कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

1967 साली बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आला. रॉक संगीतात अल्बम म्हणजे सुट्या गाण्यांची मोट नसून एक सलग कृती असू शकते, हे लोकांना त्यातून जाणवलं. त्यात एक गाणं चक्क सतार, दिलरुबा, तबला घेऊन केलेलं होतं. जॉर्ज हॅरिसन हा त्यांच्यातला एक जण 1966 च्या सप्टेंबरात पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईला येऊन राहिला होता, त्याचं ते फळ. या अल्बमवर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने कडक टीका केली. झालं! वाचकांची निषेधाची पत्रं ढिगाने येऊन पडली. रॉकच्या इतिहासात ऐकणाऱ्यांनी समीक्षकाला जाब विचारल्याचं हे नावाजलेलं उदाहरण आहे. पुढे त्या समीक्षकाने सांगितलं की अल्बम ऐकताना त्याच्या यंत्राचा एक स्पीकरच बिघडलेला होता. मला ही हकिकत फार आवडते. अर्धंच ऐकून पूर्ण मत देणारे कमी नाहीत; या माणसाने निदान पुढे ते सांगितलं तरी.

पण ऐकणाऱ्याचं मत नेहमी बरोबरच असतं, असं मी म्हणणार नाही. 1966 मध्ये जॉन लेनन या बीटल्समधल्याच गायकाच्या एका विधानावरून अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकांनी त्यांच्या रेकॉर्डींची होळी केली. त्याच वर्षी 17 मे रोजी मँचेस्टर शहरात बॉब डिलन विजेचा गिटार घेऊन उभा राहिला, तर श्रोत्यांतून कुणीतरी त्याला विश्वासघातकी म्हणून ओरडलं. त्यांना जुना डिलन हवा होता, साधा गिटार हवा होता. आज तोच कार्यक्रम लोक कौतुकाने ऐकतात. आवडत्या माणसाने बदलू नये हा हट्ट आपण घरातही धरतो, तोच गाण्यातही धरतो. रागाने दिलेलं मत वेगळं आणि ऐकून दिलेलं वेगळं. ऐकलेलं मत म्हणजे काय, ते पाहायला आता आपल्या गावाकडे येऊ.

1980 साली ‘कुर्बानी’ सिनेमा आला. त्यातलं ‘आप जैसा कोई’ हे गाणं गायलं होतं नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीने. चाल बिद्दू यांची. हे बिद्दू मूळचे आपल्या बेंगळुरूचे. लंडनला जाऊन मोठे झाले. त्या एका गाण्यासाठी नाझियाला फिल्मफेअरचा उत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार मिळाला. मग 1981 मध्ये तिचा आणि तिचा भाऊ झोहेब याचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला. त्यात सिनेमा नव्हता, नायिका नव्हती, गोष्ट नव्हती. नुसती गाणी, आणि तरी दोन्ही देशांत ती घरोघर वाजली. सिनेमाशिवाय पॉप गाण्यांचा अल्बम आपल्याकडे इतका चालतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी तेव्हा नाझियाच्याच वयाची. आमच्या कमठाण्याला धाकट्या काकांनी हैदराबादहून टेपरेकॉर्डर आणला होता, त्याच्याबरोबर ही कॅसेट आली. त्या कॅसेटविषयी आमच्या घरात जी मतं झाली, ती मला अजून तोंडपाठ आहेत. आजोबा म्हणाले, “याला गाणं म्हणत नाहीत.” काकांचं म्हणणं, यंत्रांची करामत आहे, मुलीच्या आवाजात दम नाही. शेजारचे एक मास्तर आले होते, ते म्हणाले, नाकात गाते. लताबाईंच्या आवाजावर वाढलेल्या कानांना तसं वाटणं साहजिक होतं. ही तिन्ही मतं ओसरीवरची.

आत मोठी आई सुपात तूर पाखडत बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती, हिंदीही जेमतेम. तिने विचारलं, “कोण गायलाली गं ही?” मी सांगितलं, माझ्याच वयाची मुलगी आहे. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “भ्यायली नाही बघ पोरगी.”

एवढंच. सूप पुन्हा हलायला लागलं.

पुढे मी कॉलेजला गेले, पुस्तकं वाचली, नाझियावर बरंच काही छापून आलेलं वाचलं. ती 2000 साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी लंडनला कर्करोगाने गेली, तेव्हाही पुष्कळ लिहिलं गेलं. पण तिच्या आवाजाविषयी याहून अचूक वाक्य मला कुठे मिळालेलं नाही. त्या काळातली गाणारी मुलगी गाण्यातही जरा लाजून, जरा सांभाळून उभी राहायची. ही मुलगी खोलीत बसून मैत्रिणीशी बोलावं तशी गात होती. नाकात गाते की गळ्यात, हा प्रश्न ओसरीवरच्यांचा. ती भीत नाही, हे ऐकायला आयुष्यभर भीत जगलेली बाई लागली. ओसरीवर ते मत पोचलं नाही. विचारायला कुणी आलंच नव्हतं.

कॅसेटने मात्र एक मोठं काम केलं. रेकॉर्ड महाग, तिचं यंत्र महाग, ते दिवाणखान्यात, आणि हात लावायचा तर परवानगी. कॅसेट स्वस्त, चिवट, पदराच्या गाठीत मावणारी. 1983 च्या सुमारास गुलशन कुमार यांची टी-सिरीज उभी राहिली, तिच्यामागून आणखी कितीतरी कंपन्या आल्या आणि मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. बिदरला चौबाऱ्याजवळच्या बाजारात किराण्याच्या दुकानातही कॅसेटी टांगलेल्या दिसू लागल्या. एकाच दोरीला भक्तिगीतं, कव्वाली, 1987 सालच्या ‘प्रेमलोक’ सिनेमाची हंसलेखांची कन्नड गाणी आणि आनंद शिंदे यांचा मराठी ‘नवीन पोपट’. पोपटावर किती नाकं मुरडली गेली! वर्तमानपत्रवाल्यांनी मुरडली, शिक्षकांनी मुरडली. आणि तो वाजला नाही अशी वरात आमच्या भागात मला आठवत नाही. प्रल्हाद शिंदे यांच्या घरातला तो आवाज. शाळेत न गेलेल्या, मजुरी करणाऱ्या माणसांना आपल्या बोलीतलं, आपल्या ठेक्याचं गाणं पहिल्यांदा विकत घेता आलं. ज्यांची मतं कधी छापली जात नव्हती, त्यांनी खिशातले पैसे काढून मत दिलं.

त्याच सुमारास तिकडे गोव्यात शिवोली गावचे रेमो फर्नांडिस आपल्या घरीच चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर इंग्रजी पॉप-रॉक गाणी ध्वनिमुद्रित करत होते. गाणी लिहिली त्यांनी, वाद्यं वाजवली त्यांनी, आवाजही त्यांचाच. ‘गोअन क्रेझी’ हा त्यांचा अल्बम 1984 चा. कॅसेटी स्कूटरवर लादून ते स्वतः दुकानोदुकानी पोचवत. गोव्याच्या लोकांनी आधी घेतल्या, बाहेरच्या कंपन्यांनी दखल मग घेतली. ऐकणारा आणि गाणारा यांच्यामध्ये कुणीच नसेल तर काय होतं, त्याचा हा चांगला दाखला. 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बायकांच्या हाती कॅसेट आली म्हणजे काय झालं? दुपारची वेळ त्यांची झाली. पुरुष दुकानाला, शेताला गेले, पोरं शाळेला, की टेप लागायचा. आवडलेलं गाणं उलटं फिरवून पुन्हा ऐकता यायचं. कुणाला पत्र नको, कुणाची सही नको. एखाद्या घरातली कॅसेट हातात घेतली तर कोणत्या गाण्याजवळ फीत झिजून आवाज खोल गेलाय, त्यावरून त्या घरच्या बाईची आवड सांगता यायची. गुंता झालेली फीत पेन्सिल घालून सोडवायची कला आपल्याला सगळ्यांना येत होती, आठवतंय ना?

आणि इथेच मला तो कागद सापडला, जो मी इतिहासाच्या पुस्तकांत शोधत होते.

आपल्या भजनी मंडळांच्या वह्या आठवा. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या, कडेला तेलाचे डाग पडलेल्या. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर एक ओळ असते: “चाल”, दोन टिंबं, आणि पुढे एका गाण्याचं नाव. महावीर जयंतीचा पाळणा असो, दशलक्षण पर्वातली भजनं असोत, आरती असो. शब्द आपले, चाल बाहेरची. आमच्या मंडळाच्या जुन्या वहीत “चाल : आप जैसा कोई” असं सुवाच्य अक्षरात लिहून खाली राजुलमतीचं गाणं आहे. नेमिनाथ लग्नाच्या मांडवावरून परत फिरले, मागे राहिली राजुल. तिची आर्तता या डिस्कोच्या चालीत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग ती चाल संथ करून, ढोलक न वाजवता म्हणून पाहिली, आणि हसू थांबलं. त्या चालीत एक एकटेपणा आहे, तो कंपनीच्या झगमगाटात ऐकू येत नव्हता. कुणीतरी बाईने तो ऐकला, उचलला आणि राजुलच्या ओठी दिला.

अशा चालींवर आपल्या समाजात आक्षेप घेतला जातो, तो मला ठाऊक आहे. थोर मंडळी म्हणतात, चालीबरोबर सिनेमातलं दृश्यही मंदिरात येतं, मन तिकडे जातं. ही गोष्ट खोटी नाही. चाल तशीच्या तशी, ठेक्यासकट उचलली तर तसं होतंच, आणि मंदिरात लाउडस्पीकर लावून तसं केलं तर मलाही रुचत नाही. पण वहीकडे इतिहास म्हणून पाहिलं तर तिच्यात फार मोलाची माहिती आहे. ज्या काळात घरातली बाई उघड म्हणत होती, “शी, काय हा गोंगाट”, त्याच काळात तिच्या हाताने कोणती चाल उतरवून घेतली, ते या एका ओळीत आहे. शंभर गाणी कानावरून गेली, त्यांतली चार तिने ठेवून घेतली. निवड म्हणजेच मत. सिलोनच्या पायऱ्यांवर नोंद झाली नाही, समीक्षकांनी छापलं नाही, ते मत वहीत आहे, आणि या वेळी अक्षर तिचंच आहे.

1995 साली अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ आला. चाल पुन्हा बिद्दूंची. हे गाणं आधी नाझियाला विचारलं होतं. आपल्या देशातल्या लोकांची मनं दुखावतील म्हणून तिने नाही म्हटलं. तोवर घरोघर केबल आली होती, त्यामुळे गाणं ऐकायच्या आधी पाहिलं गेलं. राजकन्या सिंहासनावर बसून एकेका उमेदवाराला नापसंत करते आणि शेवटी आपला निवडते. पेटीतून निघालेल्या मिलिंद सोमणवर जी चर्चा व्हायची ती झाली. पण लग्नाच्या बैठकीत चहाचा ट्रे घेऊन मान खाली घालून बसलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ जणींनी त्या गाण्यात वेगळंच पाहिलं. इथे बघायचा कार्यक्रम उलटा होता. बसलेली ती होती आणि ट्रेच्या जागी पुरुष येत होते! हे मत मी हळदीच्या, डोहाळजेवणाच्या घोळक्यात अनेकींच्या तोंडून ऐकलं. छापलेलं कुठे वाचलं नाही.

2002 च्या सुमारास वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं ‘ऐका दाजिबा’ आलं. मराठी गाणं हिंदी वाहिन्यांवर दिवसभर दिसू लागलं. पुन्हा तोच वाद: जुन्याची वाट लावली, मराठीची शोभा झाली. सीमेवरच्या आम्हा लोकांना मात्र त्याचं निराळंच अप्रूप होतं. आमची मुलं शाळेत कन्नड शिकत होती, गल्लीत दखनी बोलत होती, टीव्हीवर हिंदी ऐकत होती. मराठी राहिली होती ती आईशी बोलायला आणि मंदिरात म्हणायला. त्या मुलांना कुणी सांगितलं नसताना एक मराठी गाणं पाठ झालं. पुण्यातल्या रसिकाला त्यात मराठीची हानी दिसली. इथल्या आईला मुलाच्या तोंडी मराठी आलेली दिसली. गाणं एकच, कान वेगळे, आणि आईचं मत पुण्याला कोण कळवणार?

आता तर मत मागायचीही गरज उरली नाही. फोन मोजतो. किती वेळा वाजलं, किती सेकंदांनी पुढे ढकललं, सगळी नोंद आपोआप होते. पहिल्यांदाच बाईचं ऐकणं जसंच्या तसं मोजलं जातंय, असं कुणी म्हणेल. पण नातवाने आजीच्या फोनवर गाणं लावलं तर ते आजीचं होतं, आणि सुनेने स्वयंपाक करताना दहादा तेच लावलं तर ते दहादा का लावलं, हे त्या मोजणीत येत नाही. “भ्यायली नाही बघ” हे वाक्य कोणत्या खात्यात जमा करणार? आकडा पुष्कळ सांगतो, पण कारण सांगत नाही. मत म्हणजे कारणासह सांगितलेली आवड.

म्हणून मैत्रिणींनो, एक काम करू या. दिवाळीच्या सफाईत जुन्या वह्या रद्दीत घालू नका. आपल्या मंडळाच्या, आईच्या, आजेसासूच्या वह्या बाहेर काढा. प्रत्येक भजनावरची “चाल” वाचा. ज्यांना आठवतंय त्या अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांना विचारा: अक्का, ही चाल कोणत्या साली घेतली? कुठे ऐकली होती? कुणी बसवली? हीच का घेतली? पेन्सिलने शेजारी लिहून ठेवा, सांगणारीच्या नावासह. सही या वेळी तिचीच घ्या. सही येत नसेल तर अंगठा चालेल.